रेव्हिटचं सेंट्रल मॉडेल ७१० एमबी झालंय, पर्ज करूनही उतरत नाही

प्लॅन_लेव्हल

नमस्कार. रुग्णालय संकुलाचं आर्किटेक्चरल मॉडेल आहे, रेव्हिट या इमारतींचं थ्रीडी मॉडेल करणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं. तीन इमारती, दोन तळघरं, भोवतालची साइट, सगळं एकाच सेंट्रल फाइलमध्ये (सगळ्यांची सामायिक मुख्य फाइल; प्रत्येक जण तिच्या लोकल प्रतीवर काम करून बदल सिंक करतो). काम रेव्हिट २०२१ मध्ये सुरू झालं, मध्येच २०२४ ला अपग्रेड केलं. फाइल आज ७१० एमबी आहे आणि आठ जण एकाच वेळी काम करतात. उघडायला आणि सिंक करायला लागणारा वेळ आता कामाच्या आड यायला लागलाय.

आत काय काय आहे ते सांगतो: सर्व्हेची डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची ड्रॉइंग फाइल), स्ट्रक्चर आणि सर्व्हिसेस सल्लागारांच्या जुन्या डीडब्ल्यूजी (काही लिंक, काही इम्पोर्ट), उत्पादक कंपन्यांच्या साइटवरून उतरवलेल्या फॅमिली (दरवाजे, उपकरणं यांसारखे तयार घटक), स्केचअपमधून आणलेला दर्शनी भागाचा एक अभ्यास, स्कॅन केलेल्या मंजुरी नकाशांच्या पीडीएफ आणि डिझाइन ऑप्शनचे (एकाच भागाच्या पर्यायी रचनांचे) दोन संच.

पर्ज अनयूज्ड (न वापरलेल्या गोष्टी काढणारी कमांड) चालवलं. शेकडो नोंदी गेल्या, पण फाइल जेमतेम ६ एमबीने उतरली. विचारायचं आहे ते असं: वजन नेमकं कशाचं आहे हे शोधायचं कसं? साफसफाई कोणत्या क्रमाने करायची? आणि मॉडेलचे तुकडे केल्याशिवाय हे सुटणारच नाही का?

सेक्शनबॉक्स

पर्जने फाइल उतरली नाही याचं पहिलं कारण सेव्ह करण्याच्या पद्धतीत आहे. रेव्हिट प्रत्येक सेव्हला पूर्ण फाइल नव्याने लिहीत नाही, बदललेला भाग लिहितो. जुना, आता निरुपयोगी झालेला भाग फाइलमध्ये जागा धरून राहतो. म्हणजे तुम्ही शंभर एमबीचं काही उडवलंत आणि नुसतं सेव्ह केलंत, तरी आकडा हलेलच असं नाही. संपूर्ण फाइल पुन्हा लिहून ती रिकामी जागा काढून टाकण्याचं काम 'कॉम्पॅक्ट' करतं. ते दोन ठिकाणी मिळतं: सेव्ह अ‍ॅजच्या खिडकीत ऑप्शन्समध्ये 'कॉम्पॅक्ट फाइल', आणि सिंक्रोनाइझ अँड मॉडिफाय सेटिंग्जमध्ये 'कॉम्पॅक्ट सेंट्रल मॉडेल'. दुसऱ्याच्या पुढे कंसात 'स्लो' लिहिलेलं असतं ते अगदी खरं आहे. तोवर बाकीच्यांचं सिंक अडकतं, म्हणून ते सगळे निघाल्यावर करा.

अपग्रेडनंतर फाइल फुगते हेही नेहमीचं. २०२१ वरून २०२४ ला आल्यावर एकदाही कॉम्पॅक्ट केलं नसेल, तर आजच्या ७१० मधला काही हिस्सा तोच असेल. बाकी काहीही करायच्या आधी तेवढं करून खरा आकडा किती ते बघा.

आता वजन शोधण्याबद्दल. रेव्हिटमध्ये 'कोण किती एमबी खातंय' असा तक्ता नाही. त्यामुळे मोजमाप वजाबाकीनेच करावं लागतं:

१. फाइल उघडताना 'डिटॅच फ्रॉम सेंट्रल' (मुख्य फाइलपासून सुटी प्रत) आणि 'ऑडिट' दोन्हींवर टिक करा, वर्कसेट (हवे तेवढेच उघडता येणारे घटकांचे गट) राखून ठेवा. ऑडिट आकार कमी करत नाही, बिघडलेले घटक दुरुस्त करतं. पण बिघाड असलेल्या फाइलवर मोजमाप करण्यात अर्थ नाही.

२. लगेच कॉम्पॅक्ट करून वेगळ्या नावाने सेव्ह करा. हा तुमचा मूळ आकडा.

३. या प्रतीतून एकच प्रकार पूर्ण उडवा, उदाहरणार्थ सगळे इम्पोर्ट. पर्ज करा, कॉम्पॅक्ट करून आणखी एका नावाने सेव्ह करा. आकडा लिहून ठेवा.

४. पुन्हा क्रमांक २ ची प्रत उघडा आणि दुसरा प्रकार उडवा: सगळ्या प्रतिमा. मग सगळे डिझाइन ऑप्शन. मग टोपोग्राफी. मग फर्निचर आणि उपकरणांच्या फॅमिली.

प्रत्येक वेळी मूळ प्रतीकडे परत जायचं, एकावर एक उडवत जायचं नाही, नाहीतर कोणत्या गोष्टीने किती फरक पडला ते कळत नाही. यातली एकही प्रत कामाची नाही, सगळ्या शेवटी फेकायच्या. पण दुपारपर्यंत तुमच्याकडे पाच-सहा आकडे असतील आणि कुठे मेहनत घ्यायची ते दिसेल. हे न करता केलेली साफसफाई बहुतेक वेळा चुकीच्या जागी होते. लोक व्ह्यू डिलीट करत बसतात आणि वजन एखाद्या टोपोसरफेसमध्ये, म्हणजे जमिनीच्या पृष्ठभागात, असतं.

वर्कसेट_३

वरच्याला जोड. इम्पोर्टबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमच्या वर्णनावरून निम्मा त्रास तिथला वाटतोय.

डीडब्ल्यूजी इम्पोर्ट केली की तिचा प्रत्येक लेअर ऑब्जेक्ट स्टाइल्समध्ये उपश्रेणी होऊन येतो. दोनशे लेअरची सर्व्हे ड्रॉइंग असेल तर दोनशे उपश्रेण्या. सोबत 'इम्पोर्ट' या शब्दाने सुरू होणाऱ्या नावांचे लाइन पॅटर्न येतात. कोणी ती ड्रॉइंग एक्स्प्लोड केली असेल तर आणखी वाईट. प्रत्येक रेघ सुटी डिटेल किंवा मॉडेल लाइन होते, मजकुराच्या स्टाइल आणि भराव्याचे पॅटर्न प्रोजेक्टमध्ये विखुरतात, आणि आता त्यांना इम्पोर्ट म्हणून ओळखायचीही सोय राहत नाही. एक्स्प्लोड केलेली ड्रॉइंग पर्ज करता येत नाही, कारण रेव्हिटच्या लेखी त्या रेघा वापरात आहेत.

शोधायचं कसं: एखाद्या थ्रीडी व्ह्यूमध्ये व्हिजिबिलिटी ग्राफिक्स उघडा आणि 'इम्पोर्टेड कॅटेगरीज' टॅब बघा. तिथे फाइलच्या नावानुसार यादी असते. तिथल्या 'इम्पोर्ट्स इन फॅमिलीज' या ओळीकडे विशेष लक्ष द्या. तिच्याखाली नोंदी दिसल्या म्हणजे कुठल्यातरी फॅमिलीच्या पोटात डीडब्ल्यूजी बसली आहे, आणि ती प्रोजेक्टमधून डिलीट होत नाही, फॅमिली उघडूनच काढावी लागते.

'करंट व्ह्यू ओन्ली' टिक करून आणलेल्या ड्रॉइंग थ्रीडीत दिसत नाहीत. त्यांच्यासाठी डायनॅमो (रेव्हिटमध्ये स्क्रिप्ट चालवायचं साधन) हाच सरळ मार्ग. पायथन नोडमध्ये 'इम्पोर्ट इन्स्टन्स' वर्गाचे सगळे घटक गोळा करा, 'इज लिंक्ड' खोटं असलेले गाळून घ्या, आणि प्रत्येकाचा मालक व्ह्यू आणि आयडी छापा. मग मॅनेज टॅबमधल्या 'सिलेक्ट बाय आयडी'ने एकेकावर जा. इतक्या मोठ्या फाइलमध्ये प्रत्येक प्लॅन उघडून डोळ्यांनी शोधणं व्यवहार्य नाही.

डिलीट करण्याआधी एक तपासा: त्या ड्रॉइंगच्या रेघांना डायमेन्शन लावलेली किंवा भिंती अलाइन करून लॉक केलेल्या आहेत का. असतील तर ड्रॉइंगबरोबर डायमेन्शनही जातील. रेव्हिट इशारा देतो, पण घाईत सगळे ओके दाबतात.

ज्या ड्रॉइंग खरंच लागतात त्या लिंक करा. लिंकचा मोठा फायदा म्हणजे मॅनेज लिंक्समध्ये सगळ्या एका जागी दिसतात, नको तेव्हा अनलोड करता येतात, काम संपलं की रिमूव्ह. मात्र घाणेरडी ड्रॉइंग लिंक केली म्हणून स्वच्छ होत नाही. आधी ऑटोकॅडमध्ये धुऊन घ्यायलाच हवी.

कमांडलाइन

धुण्याचा क्रम मी देतो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण एक पायरी चुकली की पुढची अर्धवट होते.

आधी एक्सरेफ, म्हणजे ड्रॉइंगला बाहेरून जोडलेल्या दुसऱ्या ड्रॉइंग. मुख्य ड्रॉइंगला जोडलेल्या प्रत्येक एक्सरेफवर खालची पूर्ण प्रक्रिया करा आणि मगच मुख्य ड्रॉइंगवर या. नाहीतर कचरा, विशेषतः बाहेरच्या प्रोग्रामनी सोडलेल्या नोंदी म्हणजे रेगअ‍ॅप, एक्सरेफमधून परत येतो.

ड्रॉइंग 'रिकव्हर'ने उघडा. मग 'ऑडिट', चुका दुरुस्त करायच्या का या प्रश्नाला होय.

मग डॅश लावून 'पर्ज', म्हणजे डायलॉग न उघडता कमांड लाइनवर चालणारं. त्यात आधी 'रेगअ‍ॅप्स' निवडा, नावाच्या जागी तारांकन, प्रत्येक नावाची खात्री करायची का याला नाही. त्यानंतर पुन्हा तीच कमांड आणि 'ऑल'. 'ऑल'मध्ये रेगअ‍ॅप्स येत नाहीत ही गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. वेगवेगळ्या अ‍ॅड-ऑनमधून फिरून आलेल्या ड्रॉइंगमध्ये रेगअ‍ॅपच्या हजारो नोंदी साठतात. पडद्यावर एक रेघ दिसत नाही आणि फाइल जड, असं असेल तर पहिला संशय इथे घ्या.

दुसरा संशय डीजीएनच्या (मायक्रोस्टेशन या दुसऱ्या कॅड सॉफ्टवेअरच्या फाइल) लाइनस्टाइलवर. सर्व्हे किंवा रस्त्यांच्या सल्लागाराकडून आलेली ड्रॉइंग कधीतरी मायक्रोस्टेशनमधून आलेली असली की लाइनस्टाइलचा अनाथ डेटा मागे राहतो. त्यातली एखादी वस्तू कॉपी-पेस्ट केली तरी तो डेटा सोबत जातो, म्हणून तो एका ऑफिसच्या सगळ्या ड्रॉइंगमध्ये पसरलेला सापडतो. नव्या आवृत्त्यांत पर्जमध्येच 'ऑर्फन्ड डेटा' हा पर्याय आहे, तो वेगळा चालवा. शून्य लांबीच्या रेघा आणि रिकामा मजकूर काढायचे पर्यायही तिथेच आहेत.

मग 'ओव्हरकिल': एकावर एक बसलेल्या रेघा जातात. टॉलरन्स मोठा ठेवू नका, भिंतीच्या दोन जवळच्या रेघा एक होऊन बसतील.

'स्केललिस्टएडिट'मध्ये जाऊन रीसेट. एक्सरेफच्या नावांची शेपटं लागलेली शेकडो स्केल साठलेली असतात, ती जातात.

सल्लागाराने ऑटोकॅड आर्किटेक्चर किंवा एमईपीमध्ये काम केलं असेल तर ड्रॉइंगमध्ये एईसी ऑब्जेक्ट (भिंत, दरवाजा असे तयार घटक) असतात. 'एक्स्पोर्ट टू ऑटोकॅड' कमांडने त्यांच्या साध्या रेघा करून घ्या. शेवटी 'डब्ल्यूब्लॉक', पर्याय 'एन्टायर ड्रॉइंग', नवीन फाइल. न वापरलेलं जे काही चिकटून राहिलं असेल ते नव्या फाइलमध्ये येत नाही.

एवढं झाल्यावर रेव्हिटसाठी आणखी दोन गोष्टी. हॅच, फर्निचर आणि डायमेन्शनचे जे लेअर तुम्हाला नकोत ते गोठवू नका, 'लेडेल'ने उडवा. आणि झूम एक्स्टेंट्स करून बघा. ड्रॉइंग पडद्याच्या कोपऱ्यात ठिपक्याएवढी झाली तर खूप लांब कुठेतरी एखादा भटका ब्लॉक पडलेला आहे, तो काढा. ड्रॉइंगची व्याप्ती २० मैलांच्या, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरच्या पुढे गेली की रेव्हिट तक्रार करतो, रेघा थरथरल्यासारख्या दिसतात आणि हॅच बिघडतात.

प्लॅन_लेव्हल

सगळ्यांचे आभार. डिटॅच आणि ऑडिट करून कॉम्पॅक्ट केल्यावर आकडा ५६० एमबी आला. सेक्शनबॉक्स यांच्या पद्धतीने मोजलं तर पहिला क्रमांक उपकरणांच्या फॅमिलींचा, मग इम्पोर्ट, मग प्रतिमा, मग टोपो. डिझाइन ऑप्शनमुळे फारसा फरक पडला नाही, मला उलट वाटलं होतं.

प्रश्न असे: फॅमिली शेकड्यांनी आहेत, त्यातल्या जड कोणत्या हे कसं ओळखायचं? व्ह्यूमधून पीडीएफ डिलीट केल्या तरी मोजमापात फरक आला नाही, मग मॅनेज इमेजेसमधून काढल्यावर आला, हे असं का? आणि मटेरियलच्या टेक्स्चर प्रतिमा बारीक कराव्यात का?

फॅमिली_एडिटर

शेवटापासून सुरू करते. टेक्स्चरच्या मागे लागू नका. रेव्हिट मटेरियलच्या प्रतिमा फाइलमध्ये भरत नाही, फक्त त्यांचा मार्ग लक्षात ठेवतो. स्केचअपमध्ये उलट आहे, तिथे टेक्स्चर फाइलच्या आतच साठतात, त्यामुळे तिकडून आलेले लोक हमखास इथे वेळ घालवतात.

प्रतिमा: व्ह्यूमधून डिलीट केली म्हणजे तिथली मांडणी गेली, प्रतिमा प्रोजेक्टमध्येच राहते. मॅनेज इमेजेसमध्ये 'काउंट'चा रकाना आहे. जिथे शून्य आहे ती कुठेच लावलेली नाही, बिनधास्त काढा. तसंच प्रोजेक्ट ब्राउझरमध्ये 'रेंडरिंग्ज' शाखा उघडून बघा. 'सेव्ह टू प्रोजेक्ट' दाबून ठेवलेली जुनी रेंडरिंग तिथे पडून असतात. पीडीएफ आणताना रिझोल्यूशन विचारलं जातं, त्याचा हिशोब असा: ए-शून्य आकाराचं पान ३०० डीपीआयने आणलं तर साधारण ९,९३० गुणिले १४,०४० पिक्सेल, म्हणजे १३.९ कोटी. १५० ने आणलं तर त्याच्या चौथा हिस्सा. खाली ठेवून वर रेघा मारायच्या असतील तर १५० पुरतं. मंजुरी नकाशे फक्त संदर्भाला असतील तर ते मॉडेलमध्ये हवेतच कशाला, हेही विचारून बघा.

आता फॅमिली. फाइल मेनू, सेव्ह अ‍ॅज, लायब्ररी, फॅमिली. डायलॉगमध्ये खाली 'ऑल फॅमिलीज' निवडा आणि एका रिकाम्या फोल्डरमध्ये सेव्ह करा. प्रोजेक्टमधली लोड केलेली प्रत्येक फॅमिली वेगळी फाइल होऊन बाहेर येते. फोल्डर आकारानुसार लावला की उत्तर समोर. रिकामी फॅमिलीसुद्धा काहीशे केबीची असते, त्यामुळे एक एमबीच्या खालच्यांकडे बघू नका. पाच एमबीच्या वरच्या सगळ्या एकेक करून उघडा.

आत साधारण तीन गोष्टी सापडतात.

एक, उत्पादकाच्या यांत्रिक सॉफ्टवेअरमधून सॅट (घन आकारांची फाइल) किंवा डीडब्ल्यूजी म्हणून आणलेली घन भूमिती. ऑपरेशन थिएटरचा छताचा दिवा असेल तर त्याच्या सांध्यातल्या स्क्रूंचे आटेसुद्धा मॉडेल केलेले असतात. प्लॅनमध्ये तो दिवा नुसतं एक छोटं वर्तुळ दिसणार. तो डोम, दोन आर्म आणि एक छताची प्लेट एवढ्या चार-पाच एक्सट्रूजन आणि रिव्हॉल्व्हमध्ये पुन्हा बनवणं हाच उपाय. प्लॅनमध्ये हवं ते चिन्ह सिम्बॉलिक लाइनने काढा आणि घन भाग प्लॅनमध्ये दिसू नये असं व्हिजिबिलिटी सेटिंग ठेवा. त्याने फाइल लहान होत नाही, पण व्ह्यू पटापट उघडतात. इम्पोर्ट तशीच ठेवून फक्त दिसेनाशी केली तर काहीच साधत नाही. वजन तिथेच राहतं.

दोन, पोटातल्या फॅमिलींच्या पोटात आणखी फॅमिली. कपाटात हँडल, हँडलमध्ये स्क्रू. वरची फॅमिली हलकी दिसते, आतली जड असते. आतून बाहेर या: सगळ्यात आतली उघडा, साफ करा, तिच्यातच पर्ज अनयूज्ड करा, वरच्या पातळीत लोड करा, मग तिथे पर्ज.

तीन, न वापरलेले टाइप. तीस आकारांचा दरवाजा, वापरात चार. हे पर्जमध्ये जातात, पण एकदा जाताना बघा. टेम्पलेटमध्ये मुद्दाम ठेवलेले आणि अजून न लावलेले टाइप, शीटचे टायटल ब्लॉक, टॅग, हेही न वापरलेल्यांतच मोजले जातात. 'चेक ऑल'ने सुरुवात करून तेवढे अनटिक करा. आणि पर्ज पुन्हा पुन्हा चालवा. वरचा टाइप गेल्यावर त्यात वापरलेलं मटेरियल मोकळं होतं, ते पुढच्या फेरीत दिसतं. यादी रिकामी होईपर्यंत थांबू नका.

साफ केलेली फॅमिली त्याच नावाने प्रोजेक्टमध्ये लोड केली की रेव्हिट विचारतो: नुसती बदलायची की पॅरामीटरच्या किमतींसकट. किमतींसकट निवडलंत तर प्रोजेक्टमध्ये टाइपना भरलेल्या किमती, मॉडेल क्रमांक, खर्चाचे रकाने फॅमिलीतल्या किमतींनी पुसले जातील. पहिला पर्याय घ्या.

या यादीत न येणारा एक प्रकार आहे: इन-प्लेस फॅमिली, म्हणजे प्रोजेक्टमध्येच जागेवर बनवलेली. रिसेप्शनचं वळणदार टेबल इन-प्लेस बनवलं आणि प्रत्येक मजल्यावर कॉपी केलं, तर प्रत्येक कॉपीची स्वतंत्र व्याख्या साठते. लोड केलेल्या फॅमिलीत व्याख्या एकदाच असते आणि बाकी नुसत्या मांडण्या. एकापेक्षा जास्त जागी लागलेलं प्रत्येक इन-प्लेस लोड करता येणारी फॅमिली म्हणून करून घ्या. इन-प्लेसच्या संपादनात जाऊन आकार निवडा, कॉपी करा आणि त्याच कॅटेगरीच्या नव्या फॅमिलीत पेस्ट करा. बहुतेक वेळा स्केच पुन्हा काढायची गरज पडत नाही.

स्केचअपचा दर्शनी अभ्यास इम्पोर्ट म्हणूनच बसलाय, त्यामुळे वर्कसेट_३ यांच्या यादीत तो येईल. त्याच्यावरून भिंती काढून झाल्या असतील तर ठेवायचं कारण नाही. लागणारच असेल तर स्केचअपमध्ये झाडं, माणसं, गाड्या काढून, मॉडेल इन्फोच्या स्टॅटिस्टिक्समध्ये पर्ज अनयूज्ड करून पुन्हा आणा.

वर्कसेट_३

टोपोचं राहिलं. कंटूरच्या डीडब्ल्यूजीवरून बनवलेल्या पृष्ठभागात प्रत्येक पॉलिलाइनचा प्रत्येक शिरोबिंदू एक पॉइंट होतो. सपाट पार्किंगवरही हजारो पॉइंट बसतात. जुना टोपोसरफेस असेल तर 'सिम्प्लिफाय सरफेस' देऊन अचूकतेचा आकडा हळूहळू वाढवत जा. पार्किंगचे उतार आणि रॅम्पच्या कडा सेक्शनमध्ये तपासत राहा, कारण हे साधन कुठले पॉइंट महत्त्वाचे आहेत ते ओळखत नाही. २०२४ मध्ये टोपोसरफेसच्या जागी टोपोसॉलिड आला आहे, तेव्हा रूपांतर करण्याच्या आधीच पॉइंट कमी करा. सगळ्यात चांगलं म्हणजे सिव्हिल थ्रीडीमध्ये कंटूर विरळ करून घ्या आणि साइट वेगळ्या फाइलमध्ये लिंक म्हणून ठेवा. ती रोज बदलत नाही, रोज सिंक कशाला व्हावी.

आणि वॉर्निंग. त्यांनी एमबी फारसे वाढत नाहीत, पण सिंक मंदावतं. अपवाद एकच: 'एकाच जागी समान घटक' ही वॉर्निंग. ती डुप्लिकेट खरोखर साठलेली असतात आणि शेड्यूलमध्ये दोनदा मोजली जातात. पहिली ती संपवा.

तुकडे करण्याबद्दल माझं मत: करू नका, निदान आत्ता नको. वर्कसेट नीट लावलेत आणि प्रत्येकाने फक्त आपल्या इमारतीचे वर्कसेट उघडले तर रोजचं काम हलकं होतं.

सेक्शनबॉक्स

इथे माझं वेगळं मत आहे. वर्कसेट बंद ठेवल्याने रॅम वाचते, पडदा हलका होतो. फाइल तेवढीच राहते. लोकल बनवताना, कॉम्पॅक्ट करताना, सल्लागारांना पाठवताना पूर्ण वजन उचलावं लागतंच. रॅमचा जुना ढोबळ हिशोब फाइलच्या वीसपट असा आहे. ५६० एमबीला ११ जीबीच्या पुढे, आणि त्यात लिंक धरलेल्या नाहीत. तीन स्वतंत्र इमारती हे तुकडे करण्याचं सगळ्यात सोपं प्रकरण आहे, कारण जोड तळघरापुरते. एकच सलग इमारत असती तर मीही वर्कसेटच म्हटलं असतं. पण साफसफाई आधी, तुकडे नंतर. नाहीतर कचऱ्याच्या चार प्रती होतील.

साफ केलेली फाइल पुन्हा सेंट्रल करण्याची पद्धत. सगळ्यांनी सिंक करून सगळं रिलिंक्विश करायचं (आपल्या ताब्यातले घटक सोडायचे) आणि रेव्हिट बंद. जुनी सेंट्रल आणि तिच्या नावाचं बॅकअप फोल्डर दोन्ही वेगळ्या जागी हलवा, डिलीट करू नका. त्या हलवलेल्या फाइलवरून ताजी डिटॅच प्रत, ऑडिटसह. मोजमापाच्या प्रती इथे वापरू नका, त्या शिळ्या आहेत. आधी इम्पोर्ट आणि प्रतिमा, मग बदललेल्या फॅमिली लोड, मग डुप्लिकेट, पर्ज सगळ्यात शेवटी. इम्पोर्ट उडवल्यावर मागे राहिलेले लाइन पॅटर्न अ‍ॅडिशनल सेटिंग्जमध्ये जाऊन हाताने काढा. मग सेव्ह अ‍ॅज, मूळ नाव, मूळ जागा, कॉम्पॅक्ट टिक. त्याच ऑप्शन्समध्ये बॅकअपची संख्या २० असते, ती सर्व्हरच्या जागेनुसार कमी करा. बॅकअप फाइलच्या आकारात धरले जात नाहीत, पण फोल्डर खातात.

यानंतर प्रत्येकाने नवीन लोकल बनवायची. जुनी लोकल उघडून सिंक करायचा प्रयत्न केला तर ती नव्या सेंट्रलशी जुळणार नाही आणि त्यातलं काम हाताने आणावं लागेल. म्हणून जुन्या लोकल त्याच दिवशी मशिनवरून काढा. मॉडेल क्लाउडवर असेल तर डिटॅच करून नवीन मॉडेल चढवू नका. त्याची ओळख वेगळी होते आणि इतरांच्या फाइलमधल्या लिंक तुटतात. तिथे चालू मॉडेलमध्येच साफसफाई करून कॉम्पॅक्टसह सिंक करा.

तुकड्यांसाठी कॉपी-पेस्ट नको. साफ सेंट्रलच्या चार डिटॅच प्रती काढा: तीन इमारती, आणि एक तळघर व साइट. प्रत्येकीत बाकीचं उडवा, पर्ज, कॉम्पॅक्ट, नवी सेंट्रल. चारही प्रतींचा अंतर्गत ओरिजिन एकच असल्यामुळे एकमेकींत लिंक करताना 'इंटर्नल ओरिजिन टू इंटर्नल ओरिजिन' दिलं की सगळं जागच्या जागी बसतं. शीट आणि व्ह्यूही टिकतात. जे तुटतं ते आधीच ठरवून घ्या: दोन फाइलींतल्या घटकांना धरून असलेली डायमेन्शन जातील, भिंती सीमेवर जॉइन होणार नाहीत, आणि लिंकच्या भिंतींनी खोल्या बंद व्हायच्या असतील तर लिंकच्या टाइप प्रॉपर्टीजमध्ये 'रूम बाउंडिंग' टिक करावं लागेल. लेव्हल आणि ग्रिड एका फाइलमध्ये मूळ ठेवून बाकीच्यांत कॉपी-मॉनिटरने (मूळ हललं की इशारा देणारी प्रत) जोडा. चारही फाइलींत ग्रिड सुटे राहिले तर महिन्याभरात कुठलातरी एक हललेला असेल.

प्लॅन_लेव्हल

समजलं. जड फॅमिलींची यादी निघाली आहे, त्या दोघांत वाटून देतो. एकच शेवटचं: डिझाइन ऑप्शनचा एक संच निश्चित झालाय. 'अ‍ॅक्सेप्ट प्रायमरी' (निश्चित पर्याय ठेवून बाकीचे उडवणं) साफसफाईच्या आधी करू की नंतर?

फॅमिली_एडिटर

आधी. बाकीच्या पर्यायांत वापरलेल्या फॅमिली आणि टाइप त्यानंतरच न वापरलेल्या ठरतात आणि पर्जमध्ये येतात. अ‍ॅक्सेप्ट करताना त्या पर्यायांना वाहिलेल्या व्ह्यूंची यादी दाखवली जाते. त्यातला एखादा व्ह्यू शीटवर लागलेला असेल तर आधी त्याच्या व्हिजिबिलिटी ग्राफिक्समध्ये डिझाइन ऑप्शन 'ऑटोमॅटिक' करा आणि मग पुढे जा.